दातांची खतावणी

इतिहास या विषयाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेत संपला. तो संपावा अशी माझी जेवढी इच्छा होती, त्याहून पेपर तपासणाऱ्यांची अधिक असावी. एरवी मी त्या विषयात पास झालो नसतो. पुढे कॉमर्सला गेलो, बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. अशा माणसाने बाबिलोनपासून डेन्मार्कपर्यंतचा इतिहास सांगायला बसावं हे जरा अतिच. पण दोष माझा नाही. दोष एका पेरूचा आहे.

झालं असं. कराडजवळच्या आमच्या शाखेत दुपारी दोनला डबे उघडतात. त्या दिवशी शिपायाने घरच्या झाडाचे पेरू आणले होते. मी ऐटीत एक उचलला, 'सुरी नको' म्हटलं आणि सबंध पेरूचा कडकडून चावा घेतला. चावा उत्तम बसला. पण पेरू तोंडातून बाहेर काढून बघतो तर पांढऱ्या गरावर लाल ठसे!

"पेरू आतून लाल निघाला की," मी म्हणालो.

आमच्या हेडकॅशिअरबाईंच्या नजरेतून नोटेवरची टाचणीची भोकंसुद्धा सुटत नाहीत. त्या म्हणाल्या, "पेरू पांढराच आहे. लाल तुम्ही आहात."

सल्ला ही बँकेत विनातारण मिळणारी एकमेव गोष्ट. कर्जविभागाने तुरटीच्या गुळण्या सांगितल्या. शिपायाने बाभळीच्या सालीचा काढा सांगितला आणि साल आणून देण्याची जबाबदारीही घेतली. मॅनेजरसाहेबांनी लवंगेचं तेल सुचवलं. ते त्यांना डोकेदुखीपासून थकीत कर्जापर्यंत सगळ्यावर चालतं. पासबुक भरून घ्यायला आलेल्या एका खातेदाराने तर खिडकीतून डोकं आत घालून सांगितलं, "साहेब, तिकडची बाजू घासायची बंद करा. घासताय म्हणून रक्त येतंय." सगळ्या उपायांत हा मला शास्त्रशुद्ध वाटला, कारण यात काहीच करायचं नव्हतं. पंधरा दिवस मी उजव्या बाजूला ब्रश फिरकू दिला नाही. सोळाव्या दिवशी डाव्या बाजूनेही सहानुभूती म्हणून रक्त काढायला सुरुवात केली.

तेव्हा आमची ही म्हणाली, "अहो, अण्णांचं असंच सुरू झालं होतं."

मी गप्प झालो.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी पोस्टात झाली. 1999 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एका महिन्यात त्यांचे सगळे दात काढले. मी तेव्हा कॉलेजात होतो. दात किडले म्हणून काढले असं म्हणावं तर त्यांच्या एकाही दाताला कीड नव्हती. नुसते हलायचे. जेवताना भाकरीच्या तुकड्याबरोबर एखादा दात पुढे यायचा आणि परत मागे जायचा. वीसेक वर्षं हिरड्यांतून रक्त येत होतं, त्या काळात त्यांनी माकडछाप काळी पावडर सोडून लाल धरली, लाल सोडून पांढरी धरली, आणि 'वय झालं' असं म्हणत राहिले. पस्तिशीपासून माणसाचं वय झालं असं आमच्या घरात म्हणायची पद्धत आहे. काढलेले दात अण्णांनी घरी आणले, तेही पोस्टाच्या लिफाफ्यात घालून. लहान मुलाचा पडलेला दात कौलावर फेकतात हे आईला माहीत होतं. बावन्न वर्षांच्या माणसाचे कुठे फेकतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो लिफाफा बरेच दिवस देवघराच्या खालच्या फळीवर होता.

तेव्हापासून अण्णांच्या दोन गोष्टी सुटल्या. एक म्हणजे ऊस. आमच्याकडे उसाचं कांडं दाताने सोलून खाणं हे पुरुषाचं लक्षण मानतात. आणि दुसरी, फोटोत हसणं.

तर मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी निघाली. तिने मला पहिल्याच वाक्यात "काका, आ करा" म्हटलं. दातांना जेवढं दुखलं नव्हतं तेवढं मला 'काका'ने दुखलं. तिने एक बारीक आकडे कोरलेली सळी घेतली आणि हिरडी आणि दात यांच्या फटीत ती घालून शेजारच्या मुलीला आकडे सांगायला सुरुवात केली. "तीन, चार, पाच, पाच, सहा." रोज संध्याकाळी कॅश टॅली करताना आमच्याकडे असेच आकडे ओरडतात, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. शेवटी मी विचारलं, "जास्त आले की चांगलं ना?"

"काका, तीनपर्यंत ठीक. पुढचं सगळं नुकसान."

मग तिने समजावून सांगितलं. दातावर रोज एक चिकट थर बसतो. तो जंतूंचा असतो. रोजच्या रोज घासून काढला तर जातो. राहिला तर थुंकीतल्या क्षारांनी काही दिवसांत चुन्यासारखा कडक होतो. त्याला कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्यावर आणखी जंतू, मग हिरडी सुजणार, रक्त येणार, हळूहळू दातापासून सुटणार, आणि आतलं दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जाणार. हाड एकदा गेलं की सहसा परत येत नाही. हे सगळं होत असताना दुखत जवळजवळ नाही, म्हणून कुणी येत नाही. रक्त येतं म्हणून त्या जागी घासणं सोडणं म्हणजे तर उलटाच उपाय. "तुमच्या दातांना काहीच झालेलं नाही," ती म्हणाली, "हिरड्या चालल्यात."

मला सगळं चटकन समजलं. रोजचा थर म्हणजे हप्ता. राहिला की थकबाकी. कीटण म्हणजे एनपीए झालेलं खातं. आणि हिरडी आणि हाड हे तारण. आपण कर्जदाराच्या चेहऱ्याकडे बघत बसतो आणि तारण खालून सरकत असतं. चार खेपांत सफाई करायची ठरली. बायकोच्या सांगण्यावरून रक्तातली साखरही तपासली, कारण मधुमेह असला की हिरड्यांचं दुखणं बळावतं. ती ठीक निघाली.

तिच्या वेटिंगरूममध्ये दातांच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं. पहिल्या खेपेला मी ते भीती घालवायला उघडलं. चौथ्या खेपेपर्यंत मी अर्धा तास आधी जाऊ लागलो होतो.

दातात छिद्र पाडण्याची विद्या किती जुनी असेल? बलुचिस्तानात मेहरगढ नावाचं ठिकाण आहे. तिथल्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा सापडल्या की त्यांना गारगोटीच्या टोकाने व्यवस्थित भोकं पाडली होती. 2006 साली हे जाहीर झालं. भोकांच्या कडा पुढे झिजलेल्या आहेत, म्हणजे काम जिवंतपणी झालं आणि ती माणसं नंतरही जेवत राहिली. आमच्या हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तुम्ही सुईला घाबरता."

पण हे भोक पाडायचं कशासाठी, तर दातात किडा असतो म्हणून, असं माणूस नंतर हजारो वर्षं समजत आला. बाबिलोनच्या एका मातीच्या पाटीवर या किड्याची जन्मकथा आहे. आकाशापासून पृथ्वी, पृथ्वीपासून नद्या, नद्यांपासून कालवे, कालव्यांपासून चिखल आणि चिखलापासून किडा झाला. तो रडत देवांपुढे गेला आणि मला खायला काय, असं विचारू लागला. देवांनी पिकलेलं अंजीर देऊ केलं. किडा म्हणाला, अंजीर घेऊन काय करू, मला दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहू द्या. बदलीच्या ठिकाणाबद्दल एवढी स्पष्ट मागणी आमच्या युनियननेसुद्धा कधी केली नाही.

आपण तरी काय वेगळं म्हणतो? 'दात किडला' हेच म्हणतो. माझी आजी सांगायची, आठवड्याच्या बाजारात वैदू यायचा. तो निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकून त्याची धुरी नळीने तोंडात घ्यायला लावायचा आणि मग दाखवायचा, हे बघा, परातीतल्या पाण्यात किडे पडले! आजीने स्वतः दोन किडे पाहिले होते. ते किडे नसायचे, बियांतले फुटलेले कोंब असायचे. गंमत म्हणजे युरोपातही वैदू हाच धंदा करीत; ते खुरासनी ओव्याचं बी जाळत. भाषा वेगळी, देश वेगळा, पण परातीतला किडा तोच.

किड्याला पहिला मोठा धक्का दिला पिएर फोशार नावाच्या पॅरिसच्या दंतवैद्याने. 1728 साली त्याने दातांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. किडा वगैरे आपल्याला कधी दिसला नाही, साखर मात्र दातांना वाईट, असं त्याने लिहिलं. त्याला आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात ते उगीच नाही. याच जनकाने चूळ भरण्यासाठी स्वतःचं ताजं मूत्र सुचवलं आहे, सकाळ-संध्याकाळ. थोर माणसाचा ग्रंथ सबंध वाचू नये तो याच्यासाठी.

पण या सबंध पुस्तकात मला माझा माणूस कुणी वाटला असेल तर तो डेल्फ्टचा लेव्हेनहूक. आंतोनी फान लेव्हेनहूक हा हॉलंडमधला कापडदुकानदार. जोडीला नगरपालिकेत साधी नोकरी. लॅटिन येत नाही, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. कापडाचे धागे तपासायला भिंग लागतं. या गृहस्थाला भिंगाचाच नाद लागला. स्वतः घासून केलेल्या नखाएवढ्या भिंगांतून तो पाण्याचा थेंब बघे, मिरी बघे, माशीचा पाय बघे, आणि दिसेल ते डच भाषेत पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवी. आमच्या शाखेतला एखादा क्लार्क संध्याकाळी घरी जाऊन असलं काही करतो असं कळलं तर हेड ऑफिस त्याला मेमो देईल.

17 सप्टेंबर 1683 च्या पत्रात त्याने स्वतःच्या दातांबद्दल लिहिलं. तेव्हा तो पन्नाशीचा होता. रोज सकाळी मिठाने दात घासतो, जेवल्यावर दात कोरतो, फडक्याने पुसतो. त्यामुळे आपल्या वयाच्या फार थोड्यांचे असतील इतके आपले दात स्वच्छ आहेत आणि कितीही खसखसून मीठ चोळलं तरी हिरडीतून रक्त येत नाही, असं त्याने जरा ऐटीतच कळवलं आहे. पण भिंगातून बघितल्यावर दातांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखं काही पांढरं दिसलं. ते त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं. आणि काय! इवले इवले जीव सुळसुळताहेत, काही सरळ धावताहेत, काही भोवऱ्यासारखे फिरताहेत. मग त्याला थांबवणार कोण? त्याने दोन बायकांच्या दातांतलं घेतलं, मग जन्मात दात न घासलेला एक म्हातारा गाठला आणि त्याच्या तोंडातलं घेतलं. तिथे तर जत्रा भरलेली. सबंध हॉलंडात माणसं नसतील एवढे जीव एका तोंडात राहतात असा हिशेब त्याने मांडला.

मला त्या म्हाताऱ्याचं फार वाटतं. एक कापडवाला रस्त्यात थांबवतो, 'जरा दात दाखवा' म्हणतो, आणि हा दाखवतो. दात न घासल्याबद्दल इतिहासात जागा मिळवणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. पुढे 1692 च्या पत्रात लेव्हेनहूकने लिहिलं की आता पुढच्या दातांत जिवंत जीव सापडत नाहीत, आणि त्याचं कारण त्याने दिलं सकाळची गरम कॉफी. हे वाचून मी दोन दिवस चहाचे कप वाढवून पाहिले. हिने साखरेचा डबा दाखवला.

आता आपल्याकडचं सांगायचं तर आपण इथे फार मागे नव्हतो. चरकसंहितेत दात दिवसातून दोनदा घासायला सांगितले आहेत, आणि तेही दातवणाचं टोक चावून मऊ करून, हिरडीला इजा न होईल अशा बेताने. दोनदा! मी बी. कॉम. होईपर्यंत आमच्या घरात रात्री दात घासणाऱ्याकडे 'हा कुठे निघालाय?' अशा नजरेने बघत. सुश्रुताने तर काडीचं मापच दिलं आहे: बारा बोटं लांब, करंगळीएवढी जाड. सातव्या शतकात इथे आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग हेच माप लिहून ठेवतो, आणि रोजच्या दातवणामुळे या देशात दातदुखी विरळा आहे, असंही म्हणतो. ते वाचून छाती फुगली. मग आमची मोठी आत्या आठवली. ती मशेरी लावायची. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू बोटावर घ्यायचा, दातांवर फिरवत अर्धा तास ओसरीवर बसायचं, आणि याला दात घासणं म्हणायचं. 1992 मध्ये सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण तव्यावर बंदी कोण घालणार? बारा बोटांच्या काडीपासून आत्याच्या तव्यापर्यंत आपण कसे आलो याचा इतिहास कुणी लिहायला हवा. मी नाही.

साखरेबद्दल मी जपून लिहितो, कारण आमच्या तालुक्यात साखरेविरुद्ध बोलणं म्हणजे आपलेच दात आपलेच ओठ. शाखेची निम्मी कर्जं उसावर आहेत. तरी सांगतो की 1598 साली एका जर्मन प्रवाशाने इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे दात काळे असल्याचं नोंदवलं आणि इंग्रजांना साखरेचा सोस फार, हे त्याचं कारण दिलं. साखर तेव्हा महाग, म्हणून असले दात मोठ्यांनाच परवडायचे. साखर नक्की कसं काम करते ते सांगितलं मिलर नावाच्या बर्लिनमध्ये राहणाऱ्या अमेरिकनाने. 1890 च्या त्याच्या पुस्तकात आहे की तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ खाणं खाऊन आम्ल सोडतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे किडा होता, पण लेव्हेनहूकचा, बाबिलोनचा नव्हे.

आता माझ्या खास खात्याकडे येतो. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1789 मध्ये शपथ घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्याची कवळी लाकडाची होती अशी दंतकथा आहे. (हा विनोद मी केलेला नाही, शब्द तसाच आहे.) ती लाकडाची नव्हती. पाणघोड्याचा दात कोरून केलेली, सोन्याच्या स्प्रिंगा लावलेली आणि त्यात माणसांचे दात बसवलेली होती. स्प्रिंगा कवळी उघडायला बघत, म्हणून ओठ सतत आवळून ठेवावे लागत. एक डॉलरच्या नोटेवरचा त्याचा चेहरा मी परवा नीट पाहिला. हा चेहरा मी ओळखतो. आमच्या घरातल्या प्रत्येक ग्रुपफोटोत तो मागच्या रांगेत उभा आहे.

वॉशिंग्टनच्या इस्टेटीचे हिशेब नीट ठेवलेले आहेत. त्यांत 1784 सालची एक नोंद आहे: नऊ दातांबद्दल निग्रोंना दिले रोख सहा पौंड दोन शिलिंग. ते नऊ दात त्याच्याच तोंडात बसले की नाही हे वहीत लिहिलेलं नाही. ज्यांचे दात, ती माणसं बहुधा त्याच्याच इस्टेटीवरची गुलाम होती. 'नाही' म्हणायची त्यांना कितपत मुभा होती ते आपण समजू शकतो. आमच्या डोक्याला सवय अशी की नोंद वाचली की जमा-नावे आपोआप होतं. दात खाते नावे, रोकड खाते जमा. रक्कम बरोबर, बेरीज बरोबर. नावे सापडलं. नावं मात्र एकही सापडलं नाही. बावीस वर्षांत मी असं व्हाउचर पास केलेलं नाही.

आणि हे काही एकट्या वॉशिंग्टनचं नाही. 1815 मध्ये वॉटर्लूला हजारो तरुण शिपाई पडले. रात्री माणसं पकडी घेऊन रणांगणात फिरली आणि त्यांचे दात काढून कवळ्या करणाऱ्यांना विकले. पुढे कितीतरी वर्षं असल्या दातांना इंग्लंडात 'वॉटर्लू दात' म्हणत. स्वीडनमधली गोष्ट तर परवाची. लुंडजवळच्या व्हिपेहोल्म या मतिमंदांच्या रुग्णालयात 1945 पासून प्रयोग झाले. तिथल्या माणसांना मुद्दाम बनवलेली, दातांना चिकटून राहणारी टॉफी दोन जेवणांच्या मधे भरपूर खायला दिली आणि दात कसे किडतात ते मोजलं. पुष्कळांचे दात पार गेले. त्यातून कळलं ते असं, की किती गोड खाता यापेक्षा किती वेळा खाता आणि ते दाताला किती चिकटतं हे महत्त्वाचं. त्यानंतर स्वीडनच्या मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी मिळू लागला. मी माझ्या मुलीला सांगतो, "चॉकलेट एकदाच काय ते खा, दिवसभर चघळत बसू नकोस." हे वाक्य कुणाच्या खर्चाने माझ्यापर्यंत आलं ते तिला अजून सांगितलेलं नाही. थोडी मोठी झाली की सांगेन.

असो. सुईची भीती हा माझा नाजूक विषय, म्हणून हॉरेस वेल्सचं नाव मी आदराने घेतो. हा हार्टफर्डचा दंतवैद्य. 10 डिसेंबर 1844 ला तो हसवणाऱ्या वायूचा खेळ बघायला गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाचा पाय बाकावर आपटून फुटला, पण त्याला पत्ताच नाही. बाकीचे लोक हसत होते. वेल्स विचार करत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः वायू हुंगला आणि रिग्ज नावाच्या सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ उपटून घेतली. दुखलं नाही! पुढच्याच महिन्यात बॉस्टनला डॉक्टरांसमोर प्रयोग केला, तेव्हा वायू कमी पडला, रोगी ओरडला, आणि सभागृहाने वेल्सची हुर्यो केली. 1846 मध्ये त्याचाच जुना भागीदार मॉर्टन याने बॉस्टनलाच ईथर वापरून वाहवा मिळवली. वेल्स खचला. 1848 मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने स्वतःचा जीव घेतला, वय तेहेतीस. त्या रोग्याच्या एका ओरडण्याने एवढं केलं. खुर्चीत बसल्यावर मी ओरडत नाही ते त्यासाठी. ही म्हणते, तोंडात इतकी हत्यारं असतात की ओरडता येत नाही. तेही आहेच.

आणि तो रिग्ज, दाढ उपटणारा? तोच पुढे हिरड्यांचा कैवारी झाला. दात उपटू नका, हिरड्या कापू नका, दातावर साचलेलं खरवडून काढा आणि रोग्याला स्वच्छ राहायला शिकवा, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. हिरड्यांच्या दुखण्याला अमेरिकेत कितीतरी वर्षं 'रिग्जचा रोग' म्हणत. म्हणजे अण्णांना जो रोग झाला त्याचं नाव आणि उपाय त्यांच्या जन्माच्या आधीच ठरलेले होते. आपल्याकडे कलकत्त्याला 1920 मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी दंतवैद्यकाचं पहिलं कॉलेज काढलं. पण कलकत्त्याहून आमच्या पोस्टापर्यंत टपाल यायला उशीर झाला.

पुरावा मात्र पक्का झाला तो 1965 साली. डेन्मार्कमध्ये आर्हुसला हॅराल्ड ल्यो नावाच्या संशोधकाने बारा निरोगी माणसं घेतली आणि त्यांना दात घासायचे नाहीत असं सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बाराजणांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश परत हातात दिले. आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. एवढंच. जंतू, थर, ब्रश आणि तीन आठवडे. माझ्या पंधरा दिवसांच्या प्रयोगाला त्या खातेदाराचं डोकं नव्हे, ल्योचं डोकं हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या आळीतले अमुक काका जन्मात दात घासत नव्हते आणि नव्वदाव्या वर्षी अक्रोड फोडत होते. असा एक काका प्रत्येक आळीला सरकारने दिलेला असतो. ल्योने त्यालाही हिशेबात धरलंय! श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या 480 तमिळ मजुरांना त्याने 1970 पासून पंधरा वर्षं तपासलं. त्यांच्याकडे ना टूथब्रश, ना दाताचा डॉक्टर. शंभरातल्या आठांच्या हिरड्या झपाट्याने गेल्या, एक्याऐंशींच्या हळूहळू, आणि अकराजणांना काही झालं नाही. ते अकरा म्हणजे ते काका. अण्णा त्या आठांतले असावेत. मी एक्याऐंशींतला आहे, डॉक्टरबाईंनी सळीने मोजून सांगितलं.

चौथ्या खेपेला तिने परत आकडे ओरडले. "तीन, तीन, दोन, चार, तीन." मग मऊ ब्रश दिला. हिरडीच्या कडेला तिरका धरून हळू फिरवायचा, आणि फटींतून घालायला बाटली धुण्याच्या ब्रशची पिल्लं शोभतील असे इवले ब्रश. सकाळी एकदा, रात्री एकदा. चरकांचंच.

त्या रात्री मी बेसिनपाशी हा सोहळा करत उभा होतो. शेजारी अण्णा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवायच्या तयारीत. पाच मिनिटं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नळ बंद कर," ते म्हणाले. "केवढा वेळ ते?"

मी नळ बंद केला. मग तोंड पुसून त्यांना सगळं सांगितलं. थर, कीटण, हाड, रिग्ज, चहामळे. चहामळ्यांपाशी ते कंटाळले असं मला वाटलं. जरा वेळाने म्हणाले, "म्हणजे माझे दात चांगले होते?"

"हो अण्णा. सगळे. दातांना काहीच झालं नव्हतं."

"मी तुझ्या आईला तेव्हाच सांगत होतो," अण्णा म्हणाले. "ती ऐकेना."

त्यांनी कवळी उजेडात धरून बघितली, ब्रशने घासली, धुतली, वाटीत ठेवली, वाटीवर झाकण ठेवलं. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "शनिवारी बाजारात जाशील तर उसाचा रस आण. आलं घालून."